यंत्राचा हात उद्यमनगरात कधी पोहोचणार?

चैत्री यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर 'चांगभलं'च्या गजरात उंच सासनकाठ्या नाचतात. काठी खांद्यावर पेलणारा एक असतो आणि चारी बाजूंनी दोर धरून तिचा तोल राखणारे अनेक. गुलालात न्हालेल्या या हातांपैकी कितीतरी हात उरलेले वर्षभर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींत राबत असतात. तेथे ते साचे भरतात, तप्त रस ओततात, निवालेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासतात. कोल्हापूर परिसरातील फाउंड्रींची संख्या तीनशेच्या आसपास सांगितली जाते. मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांचे सुटे भाग येथून देशभर आणि परदेशांतही जातात.

या वैभवाची दुसरी बाजू फेटलिंगच्या शेडमध्ये दिसते. ग्राइंडरचा कंप दिवसभर मनगटात भिनतो, वाळूची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत उतरते. सिलिकोसिस हा त्या धुळीचा आजार एकदा जडला की बरा होत नाही. साहजिकच ज्यांच्या वडिलांनी हे काम करून घर उभे केले, ती मुले आज या शेडमध्ये पाऊल टाकायला राजी नाहीत. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांची जागा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांनी घेतली. 2020च्या टाळेबंदीत हे कामगार गावी परतले, तेव्हा आपला डोलारा कशावर उभा आहे हे अनेक कारखानदारांना प्रथमच उमगले.

येथे प्रश्न येतो यांत्रिक हाताचा. औद्योगिक रोबो 1961 सालीच अमेरिकेतील न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. पण तो राजेशाही पाहुणा होता. त्याला पिंजरा हवा, प्रशिक्षित अभियंता हवा आणि महिनोन्‌महिने एकच काम हवे. कोल्हापूरच्या लहान कारखान्यात आज पंपाचे आवरण, उद्या ब्रेकचा भाग, अशी ऑर्डर बदलत असते. तेथे असा पाहुणा परवडणारा नव्हता. डेन्मार्कमध्ये 2005 साली स्थापन झालेल्या एका कंपनीने 2008मध्ये हलका, माणसाच्या शेजारी काम करू शकणारा हात विकायला काढला आणि चित्र पालटू लागले. या हाताला धरून एकदा योग्य वाटेने फिरवले की तो ती वाट लक्षात ठेवतो. मिस्त्री शिकाऊ पोराचा हात धरून कानस चालवायला शिकवतो, तसेच हे.

भारतही स्वस्थ बसला नव्हता. टाटा समूहातील टाल या पुण्याच्या कंपनीने 2017 साली 'ब्राबो' हा देशी हात बाजारात आणला. दोन आणि दहा किलो वजन उचलणाऱ्या या हाताची किंमत पाच ते सात लाखांच्या घरात होती. हे आपल्याला जमते, एवढे त्यातून सिद्ध झाले. तरी 2023 सालचे जागतिक आकडे डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. त्या एका वर्षात जगभरात 5,41,302 औद्योगिक रोबो बसवले गेले. त्यांपैकी चीनमध्ये 2,76,288, तर भारतात 8,510.

अडते कोठे? हाताचा सांगाडा ओतणे आणि त्याचे यंत्रण करणे कोल्हापूरला अवघड नाही. शेतकऱ्यांच्या ऑईल इंजिनांपासून ज्या गावाची कारागिरी वाढली, म्हादबा मिस्त्रींसारख्या अल्पशिक्षित प्रतिभावंताचे नाव जे अभिमानाने घेते, त्या गावाला हे सांगायला नको. अडते ते सांध्यांतील अचूक गिअर, सर्व्हो मोटर आणि नियंत्रक यांच्यापाशी. यांसाठी आपण अजून बव्हंशी परदेशांकडे पाहतो आणि किंमत तेथेच फुगते. शिवाय पडद्यावरच्या सूचना इंग्रजीत! आयटीआय झालेल्या मुलाला मराठीत वाचता येईल असा पडदा बनवायला कोणते परकीय तंत्रज्ञान लागते? अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी असे हात बनतात, प्रदर्शनात पदक मिळवतात आणि नंतर कपाटात जातात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. दहा किलोचा स्वस्त हात अवजड कास्टिंग घासू शकणार नाही. सीएनसी यंत्रात भाग ठेवणे-काढणे, कोअर उचलणे, लहान भागांच्या कडा साफ करणे ही त्याची कामे. तेवढ्याने आरंभ पुरेसा आहे.

यंत्र आले की रोजगार गेला, ही भीती खोटी नाही. पं. दीनदयाळजींनी 1965च्या मुंबईतील व्याख्यानांत यंत्राचा विचार माणसाच्या गरजेशी जुळवून करण्याचा आग्रह धरला होता. दत्तोपंत ठेंगडींनी 1955मध्ये स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाची भूमिकाही श्रमिकाला केंद्रस्थानी ठेवणारी आहे. त्या कसोटीवर पाहिले तर धुळीच्या शेडमध्ये हात बसवणे योग्यच, पण तेथून निघालेल्या कामगाराला तोच हात चालवण्याचे शिक्षण आणि पूर्वीइतके तरी वेतन देण्याचा करार आधी व्हायला हवा. मालकाने ही अट टाळली, तर संघटनेने विरोध करावा, आणि तो न्याय्य ठरेल.

एकट्या लहान कारखानदाराला पाच-सात लाख गुंतवून प्रयोग करणे जड जाते. शिरोलीत चार-सहा हात ठेवलेले सामायिक केंद्र निघाले, तर महिन्याच्या भाड्याने हात नेऊन आपल्या कामावर पडताळता येईल. आयटीआयचे विद्यार्थी तेथेच शिकतील, महाविद्यालयाच्या कपाटातले हातही तेथे धूळ झटकून उभे राहतील. लघु उद्योग भारती 1994पासून छोट्या उद्योजकांत काम करीत आहे. कारखानदारांच्या स्थानिक संघटनाही सक्षम आहेत. जागा, वीज आणि एक जाणता मिस्त्री, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.