रात्री दोनला फोन कोण उचलतं?

दवाखाना चांगला की वाईट, हे आपण बरं होऊन आलेल्या माणसांवरून ठरवतो. ‘आमचे भाऊजी तिथंच होते, चालत घरी आले,’ एवढं कानावर आलं की सगळी आळी तिकडे वळते. ज्याचा आजार आता हटणार नाही अशा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना हे माप लागू पडत नाही. त्यांच्याकडचा जवळजवळ प्रत्येक रुग्ण जाणार असतो, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. मग चांगली सेवा कोणती आणि नावापुरती कोणती, हे ओळखायचं कशावरून?

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न टाळण्यासारखा राहिलेला नाही. घाटी, म्हणजे इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, १९५६ पासून आहे. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं, पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलडाण्याहून माणसं इथे येतात. खासगी रुग्णालयांचीही वाण नाही. पण ‘आता घरी न्या, सेवा करा’ असं सांगितलं गेलं की त्या कुटुंबाला पुढचा रस्ता कुणीच दाखवत नाही. माझं म्हणणं असं की या सेवेची खरी परीक्षा रुग्णाच्या घरी, रात्रीच्या वेळी होते, आणि ती घेण्याची जबाबदारी घाबरलेल्या घरच्यांवर टाकून महापालिकेला आणि आरोग्य यंत्रणेला मोकळं होता येणार नाही.

१. आपण नेमकं काय निवडतो आहोत, हे आधी बघावं. वृद्धाश्रम, नर्सिंग होम, घरी मावशी किंवा मामा पाठवणारा पेशंट केअर ब्युरो आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे न हटणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पाट्या मात्र एकसारख्या दिसतात. अशा रुग्णांना शेवटपर्यंत ठेवून घेणारं देशातलं पहिलं केंद्र, म्हणजे हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिपलाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. इथून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. हाडात पसरलेल्या कर्करोगाचा माणूस त्या रस्त्याने न्यायचा म्हणजे काय, ते ज्याने नेलं त्याला विचारावं. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः घरी येणाऱ्या सेवेचा आणि गावातल्याच रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचा आहे.

२. पहिला प्रश्न मॉर्फिनचा विचारावा. तोंडाने घ्यायची गोळी तुमच्याकडे आहे का, ती लिहून कोण देतं, आणि रविवारी संपली तर मिळते कुठे? ही उत्तरं अडखळत आली तर बाकीचं माहितीपत्रक वाचण्यात अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिच्यात वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. साधी गोळी साधारण चार तास काम करते, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते, कळ येण्याची वाट बघायची नसते. औषधी अफू आपल्याच देशात परवान्याने पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ एवढं माजलं की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी केली. आपल्याकडे हे काम अन्न व औषध प्रशासनाचं. याला दहा वर्षं उलटली. ‘कायदा आड येतो हो,’ हे उत्तर आता कुणाकडूनही ऐकून घेऊ नये.

गोळी लिहून देणं म्हणजे अर्धं काम. मॉर्फिनने पोट धरतंच, तेव्हा त्याच कागदावर पोट साफ होण्याचं औषध लिहिलेलं असलं पाहिजे. मूत्रपिंड थकलेलं असेल तर डोस जपून ठरवावा लागतो. काही जण सरळ त्वचेवर लावायची फेंटानिलची पट्टी देतात. तिचाही उपयोग आहे, तीन दिवस चालते; पण ती महाग पडते, आणि उष्णतेने तिच्यातलं औषध अंगात जास्त जातं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, ताप असलेल्या माणसाच्या छातीवर ती लावताना घरच्यांना हे कुणी सांगितलं का? ज्याने आपणहून सांगितलं, त्याच्यावर माझा भरवसा बसेल.

घरोघरी एक भीती असते, ‘ही गोळी चालू झाली म्हणजे संपलं.’ योग्य डोसात दिलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. वेदना उतरल्यावर माणूस चार घास खातो, झोपतो, नातवाशी बोलतो. ही भीती समोर बसून काढण्याचा वेळ ज्या डॉक्टरांना नाही, त्यांची गोळी शेवटी उशीखालीच राहते.

३. दुसरा प्रश्न मथळ्यातला. सुट्टीच्या दिवशी, दिवाळीत, ईदला, रात्री दोनला फोन लावला तर पलीकडे रुग्णाला ओळखणारं कुणी असतं का? ‘कॅज्युअल्टीत घेऊन या’ एवढंच उत्तर मिळत असेल तर त्याला घरची सेवा म्हणू नये.

गारखेड्यातल्या एका घरात मी एक वही पाहिली. शाळेतली, शंभर पानी, वर मुलाचं नाव खोडलेलं. सूनबाईंनी तिच्यात उभ्या रेघा मारल्या होत्या: वेळ, कोणती गोळी, दुखणं दहापैकी किती, खाणं, शौच. एका रात्रीच्या नोंदीत होतं, ‘२.१० – दुखणं ८. फोन केला. सिस्टर बोलल्या. ठरलेला जादा डोस दिला. २.५० – दुखणं ४. झोपले.’ चाळीस मिनिटांत आठाचं चार. रुग्णवाहिका नाही, स्ट्रेचर नाही, कॅज्युअल्टीच्या बाकावरची रात्र नाही. सेवेचा दर्जा म्हणतात तो त्या एका ओळीत होता. ‘ठरलेला’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कळ मध्येच उसळली तर काय द्यायचं हे कुणीतरी आधीच ठरवून, समजावून, हाताशी ठेवून दिलेलं होतं.

चांगली टीम पुढचं आधी सांगते. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. त्यांच्यात गळ्याच्या जखमेतून एकाएकी मोठा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. अशा घरी गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायला सांगतात, म्हणजे पांढऱ्या चादरीवरचं लाल बघून रुग्णाचा आणि बाकीच्यांचा धीर सुटत नाही. ऐकायला कठीण आहे. पण हे सांगणाऱ्याने ते घर आधी नीट बघितलेलं असतं.

४. हाताचं काम बघावं. कुशीवर दर दोन तासांनी वळवायचं कसं, नळीतून पातळ अन्न किती सावकाश सोडायचं, तोंड कशाने पुसायचं, हे घरच्या माणसाकडून करून घेतलं का, की नुसतं सांगून सिस्टर निघून गेल्या? जखमेच्या वासामुळे माणसं खोलीत यायची बंद होतात, आणि रुग्णाला ते बरोबर कळतं. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर वापरून तो वास पुष्कळ कमी करता येतो. औषध स्वस्त आहे. त्यासाठी परवाना लागत नाही, माहिती लागते.

आणि पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या चादरी धुवायच्या कशा, याचा विचार सेवा देणाऱ्याने केला पाहिजे. पहिल्या भेटीत ‘पाणी कधी येतं तुमच्याकडे? साठवायला काय आहे?’ असं विचारणारी नर्स मला पदव्यांच्या चौकटीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

५. बोलणं. ‘त्यांना काही सांगू नका हं,’ असं मुलगा दाराबाहेर डॉक्टरांना सांगतो, आणि आत वडील सगळं ओळखून असतात. दोन्हीकडून लपवाछपवी सुरू राहते आणि शेताच्या वाटणीपासून धाकटीच्या लग्नापर्यंतचं सगळं बोलायचं राहून जातं. चांगला समुपदेशक कुटुंबाला दुखावत नाही आणि रुग्णाशी खोटंही बोलत नाही. ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, काका?’ असं रुग्णालाच विचारतो. हे संभाषण रुग्णाच्या भाषेत व्हायला हवं. किराडपुऱ्यातल्या आजींशी उर्दूत, सिल्लोडच्या मामांशी त्यांच्या बोलीत. स्तनाच्या कर्करोगाची जखम दाखवायला बाई पुरुष कर्मचाऱ्यापुढे तयार होत नसेल तर तो तिचा हट्ट मानू नये. स्त्री नर्स पाठवणं हे सेवेचं काम आहे. कुणाला हरिपाठ ऐकायचा असेल, कुणाला कुराण, कुणाला बुद्धवंदना. सेवा देणाऱ्याने त्याला जागा करून द्यावी, स्वतःचा धर्म मध्ये आणू नये.

सलाइनचाही विषय याच बोलण्यातला. शेवटच्या दिवसांत तहान-भूक आपोआप ओसरते, आणि जबरदस्तीने बाटल्या चढवल्या तर छातीत पाणी वाढून घरघर वाढू शकते. नातेवाईक मात्र ‘निदान सलाइन तरी लावा’ म्हणतात, कारण नाही तर आपण काहीच केलं नाही असं वाटतं. मागतील तितक्या बाटल्या लावणं सोपं आहे आणि त्यात बिलही वाढतं. ओठ ओले ठेवणं हीसुद्धा सेवाच आहे, हे पटवून देणं अवघड आहे.

६. पैसे. दर लेखी मागावे. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दर लावावे लागतात, बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. घरी माणूस पाठवणारा ब्युरो मात्र या चौकटीबाहेर राहतो. तिथे आलेल्या मावशींना प्रशिक्षण कुणी दिलं, हे विचारायला लाजू नये.

७. कागद. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, वाट करून दिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती वाट सोपी झाली: आता मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते, आणि प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हा अधिकारी कोण आणि कुठे बसतो, हे प्रत्येक झोन कार्यालयात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं.

मृत्यूच्या दाखल्याचं दुखणं याहून रोजचं आहे. घरी मृत्यू झाला की कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र कोण देणार, या धास्तीने कित्येक घरं शेवटच्या दिवशी रुग्णाला उचलून रुग्णालयात नेतात. ज्याला आपल्या खाटेवर, आपल्या माणसांत जायचं होतं तो रुग्णवाहिकेत जातो, तेही एका कागदापायी. सेवा देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारावं, ‘घरी गेले तर प्रमाणपत्रावर सही तुमची ना?’ आणि ते गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्या घरात फोन तरी करता का? रात्र-रात्र जागलेली सून किंवा बायको एकदम रिकामी झालेली असते, आणि तिची चौकशी करणं हाही या सेवेचा भाग आहे.

८. आता महापालिका आणि जिल्हा शल्यचिकित्सक. महाराष्ट्राचं पॅलिएटिव्ह केअर धोरण २०१२ चं, राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीचा. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांतही ही सेवा आहे. म्हणजे जबाबदारी कुणाची, हा वाद उरलेला नाही. केरळने २००८ मध्ये धोरण केलं आणि पंचायतींनी आपल्या निधीतून घरोघर जाणाऱ्या नर्स नेमल्या. त्याआधी १९९३ पासून कोझिकोडच्या डॉक्टरांनी आणि मग मलप्पुरमच्या स्वयंसेवकांनी ते काम उभं केलं होतं. आपली महापालिका निदान माहिती तरी गोळा करू शकते.

अमेरिकेत हॉस्पिसचा रुग्ण गेल्यानंतर काही महिन्यांनी कुटुंबाला प्रश्नावली पाठवतात: रात्री मदत मिळाली का, वेदना आटोक्यात होती का, काय होणार ते आधी सांगितलं होतं का? २०१५ पासून हे चालू आहे आणि निकाल संस्थेच्या नावासह जाहीर होतात. त्याच देशात नफ्यासाठी हॉस्पिस चालवणाऱ्यांचे गैरप्रकारही उघडे पडले, म्हणजे प्रश्नावलीने सगळं साधतं असं नाही. पण ती नसताना आपण नुसत्या ऐकीव गोष्टींवर चालतो आहोत.

म्हणून मागणी अशी. शहर आणि जिल्ह्यात ही सेवा देणाऱ्या प्रत्येकाची यादी करावी. नावासमोर मॉर्फिनची मान्यता, रात्रीचा फोन, प्रशिक्षित डॉक्टर आणि नर्स, किती अंतरापर्यंत घरी जातात, कोणत्या भाषा, दर आणि मृत्यूच्या प्रमाणपत्राची सोय लिहावी. रुग्ण गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी आशाताईंनी त्या घरी जाऊन पाच-सहा प्रश्न विचारावे, नावं गुप्त ठेवावी, उत्तरं वर्षातून एकदा छापावी. गुण देऊन क्रमवारी लावू नये. तसं केलं तर अवघड रुग्ण घेणारेच मागे दिसतील आणि उद्या ते अवघड रुग्ण घ्यायचे थांबतील. यासाठी नवी इमारत लागत नाही. यादी तयार झाली की ज्या तालुक्यासमोर एकही नाव येणार नाही, सोयगाव असो की कन्नड, तिथल्या सरकारी रुग्णालयाला मॉर्फिनची मान्यता आणि एक प्रशिक्षित नर्स आधी द्यावी.