कुडकुडणारा माणूस कोणी काढला?

मे २०२२ मध्ये पॅरिसमधल्या क्रिस्टीजच्या लिलावात फुलस्केपएवढ्या कागदावरचं एक रेखाटन सुमारे २ कोटी ३० लाख युरोंना विकलं गेलं. हाच कागद १९०७ मध्ये पॅरिसमध्येच मायकेलअँजेलोच्या शैलीतल्या कुणा अनुयायाचा म्हणून विकला गेला होता. २०१९ मध्ये फ्युरिओ रिनाल्दी या अभ्यासकाने तो खुद्द मायकेलअँजेलोचा ठरवला आणि फ्रेंच सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून काही काळ देशाबाहेर जाण्यापासून अडवलं. कागद तोच, रेघा त्याच, सही तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. मग हा सगळा तज्ज्ञांचा नाव चिकटवण्याचा धंदा आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. तरीही मला हा निर्णय पटतो. कारण तो रेघांमधून निघालेला आहे, आणि त्या रेघा आपल्यालाही तपासता येतात.

फ्लोरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये चित्रकार मासाच्चोने १४२५ च्या सुमारास रंगवलेल्या भित्तिचित्रात संत पीटर लोकांना बाप्तिस्मा देतो आहे. बाजूला पाळीची वाट पाहत एक उघडा तरुण हात छातीशी घट्ट धरून थंडीने कुडकुडतो. रेखाटनाच्या मधोमध हाच तरुण आहे, पण इथे तो जाडजूड झाला आहे. दंड आणि पाठीचे स्नायू भिंतीवर आहेत त्याहून कितीतरी भरदार दिसतात. तपकिरी शाईच्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी शरीराच्या वळणाबरोबर वळते. जणू बोरू नव्हे, छिन्नी चालली आहे. नक्कल गिरवणारा विद्यार्थी मूळ चित्राशी इतका हुज्जत घालत नाही. कडेच्या दोन आकृतींमध्ये तर हात आणखी मोकळा सुटला आहे. मायकेलअँजेलो तरुणपणी याच चॅपेलमध्ये महिनोन्‌महिने मासाच्चोची चित्रं उतरवत बसे, असं त्याचा चरित्रकार वासारी याने लिहून ठेवलं आहे. मायकेलअँजेलोने जोत्तो आणि मासाच्चो या जुन्या चित्रकारांवरून केलेल्या नकला पॅरिस, म्युनिक आणि व्हिएन्नात आहेत. तिथेही हीच जाळी आहे, आणि मूळ आकृतीला वजनदार करण्याची हीच खोड.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, की म्युनिकच्या कागदावर तरी सही कुठे आहे? एका अनुमानाला दुसऱ्या अनुमानाचा टेकू देणं झालं हे. आक्षेप रास्त आहे, पण साखळी सगळीच अधांतरी नाही. लूव्ह्र संग्रहालयात डेव्हिडच्या कांस्य पुतळ्यासाठी केलेलं एक रेखाटन आहे. त्या कागदावर मायकेलअँजेलोच्या हस्ताक्षरातल्या ओळी आणि त्याचं नावही आहे. अशा ठिकाणी साखळीची कडी भिंतीत पक्की रुतलेली असते. शाई-कागदाची रासायनिक चाचणी करा म्हणणाऱ्यांनी मात्र एवढं लक्षात घ्यावं, की तिने नंतरची बनावट पकडता येईल, पण गुरू आणि त्याच्या शेजारी बसलेला शागीर्द यांत फरक करता येणार नाही. दोघांची दौत एकच असू शकते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त बोचरा आहे. रिनाल्दी त्या वेळी क्रिस्टीजमध्येच नोकरीला होते. मायकेलअँजेलोच्या रेखाटनांचे जाणकार पॉल जोआनिदेस यांनी मूळ कागद पाहून दुजोरा दिला, म्हणून शंका सौम्य होते, संपत नाही. पण हितसंबंध दिसला म्हणून रेघ खोटी ठरत नाही. रेघ खोटी ठरवायची तर तशीच जाळी विणणारा, मासाच्चोला असाच फुगवणारा दुसरा कुणी दाखवावा लागेल. आजवर तसा उमेदवार माझ्या तरी पाहण्यात नाही. १९०७ मध्ये नुसती ‘शैलीतलं’ एवढीच नोंद करणाऱ्यालाही मी दोष देणार नाही. हाताशी पुरावा होता त्याहून मोठं नाव त्याने लिहिलं नाही. आजच्या कॅटलॉगकडून अपेक्षा इतकीच, की किमतीच्या अंदाजाशेजारी मासाच्चोच्या त्या तरुणाचा फोटोही छापावा आणि दोघांचे दंड वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहू द्यावेत.