प्रश्न कोणी ठरवावयाचा?

विद्यापीठातील संशोधक आपल्या वस्तीत येतात, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ते छापील प्रश्नावली आणतात, वस्तीतील दोन-चार शिकलेली मुले हाताशी धरतात, त्यांच्याकडून दारोदार माहिती भरून घेतात आणि निघून जातात. यालाच 'तरुणांचा सहभाग' म्हणावयाची चाल पडली आहे. आमच्या मते हा सहभाग नव्हे, ही वेठ आहे. प्रश्न ठरले त्या बैठकीस या मुलामुलींना कोणी बोलावले होते काय?

एक साधे उदाहरण घ्या. प्रश्नावलीत 'धर्म' हा एक रकाना असतो आणि 'जात' हा दुसरा. नुकतीच दीक्षा घेतलेले कुटुंब त्या दुसऱ्या रकान्यापाशी अडखळते. पहिल्यात 'बौद्ध' लिहिले. मग दुसऱ्यात काय लिहावयाचे? हे अडखळणे निष्कारण नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळेनाशा झाल्या. महाराष्ट्राने १९६० मधील राज्यस्थापनेनंतर आपल्यापुरत्या त्या दिल्या. पण केंद्राचा कायदा बदलावयास १९९० साल उजाडले. त्या ३४ वर्षांची धास्ती पुष्कळ घरांतून अद्याप गेलेली नाही. म्हणूनच एकाच घरात बाप एक उत्तर देतो आणि लेक दुसरे. बाहेरून आलेला संशोधक ही 'विसंगत माहिती' म्हणून बाजूस टाकील. त्या घरात वाढलेली मुलगी मात्र सांगेल की, अभ्यासाचा खरा विषय ही विसंगतीच आहे. बाप कशाला भितो आणि मी का भीत नाही, ते विचारा.

तरुणांना संशोधनातले काय कळते, असा आक्षेप घेतला जातो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय अवघे २५ होते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांनी जातीच्या व्याख्या आधीच करून ठेवल्या होत्या. बाबासाहेबांनी त्या तपासून पाहिल्या, जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचे मर्म ठरविले आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या चालींचा उगम तेथे शोधला. प्रश्नच त्यांनी बदलून टाकला!

सारेच तरुण बाबासाहेब नव्हेत, हे आम्हीही जाणतो. कोणती घरे निवडावीत, उत्तर देणाऱ्याच्या तोंडी आपलेच उत्तर कसे घालू नये, हे प्राध्यापकांकडूनच शिकावे लागते. पण ते शिकता येते. मुंबईत 'पुकार' या संस्थेने २००५ साली तरुणांसाठी अभ्यासवृत्ती सुरू केली. गटाने विषय आपणच निवडावयाचा, ही तिची रीत. या तरुणांना 'अनवाणी संशोधक' असे नाव पडले. संस्थेचे संस्थापक, मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली संशोधनाचा हक्कच मांडला. विद्यापीठाच्या भिंतीबाहेर जे घडते, ते आत का घडू नये? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाची सोय केली आहे. तेथे विषय विभागाच्या यादीतून उचलावयाचा की आपल्या गल्लीतून न्यावयाचा, याविषयी आपल्या मुलामुलींनी आग्रह धरावा. आणि 'गुणांचे काय?' असे म्हणून आईबापांनी त्यांचा पाय मागे ओढू नये.

पुढील वेळी कोणी प्रश्नावली घेऊन विहारात आले, तर त्यांना चहा अवश्य द्या. नंतर विचारा की, यातील प्रश्न बदलता येतील काय? मुलांना मेहनताना मिळेल काय, अहवालावर त्यांची नावे येतील काय? आणि तो इंग्रजीत छापण्यापूर्वी मराठीत वस्तीपुढे वाचला जाईल काय? होकार मिळाल्यास तारीख लिहून घ्यावी.