गुप्त यादीवरची वसुली

पेटंट म्हणजे राज्यसंस्थेने शोधकाला ठरावीक मुदतीपुरती बहाल केलेली मक्तेदारी, आणि तिच्यामागचा करार असा की शोधकाने आपली युक्ती तपशीलवार जगापुढे मांडावी व त्या मोबदल्यात वीस वर्षे तिचा लाभ एकट्याने घ्यावा. हा करार मी न्याय्य मानतो. आणि म्हणूनच मायक्रोसॉफ्टने २०१० पासून अँड्रॉइड वापरणाऱ्या फोननिर्मात्यांकडून ज्या रीतीने परवाना-शुल्क वसूल केले, ती रीत मला या कराराच्या मुळावरच घाव घालणारी वाटते.

अँड्रॉइड ही प्रणाली गूगलची. पण मागणी जाई ती प्रामुख्याने निर्मात्यांकडे. एचटीसीने २०१० साली आणि सॅमसंगने २०११ साली करारनाम्यावर सही केली. रक्कम गुप्त राहिली, आणि नेमक्या कोणत्या पेटंटांचा भंग झाला याची पूर्ण यादीही जनतेसमोर आली नाही. मार्च २०११ मध्ये बार्न्स अँड नोबल या अमेरिकी ग्रंथविक्रेत्यावर नूक या वाचनयंत्राबद्दल दावा गुदरण्यात आला, तेव्हा त्या पेढीने आपली कैफियत देताना जाहीर सांगितले की गुप्ततेचा करार केल्याखेरीज भंगाचा तपशीलसुद्धा दाखवण्यास मायक्रोसॉफ्ट राजी नव्हती, आणि मागितलेले शुल्क तिच्या स्वतःच्या संपूर्ण मोबाइल प्रणालीच्या शुल्काहून अधिक होते. या आरोपांचा कस न्यायनिर्णयात लागलाच नाही. एप्रिल २०१२ मध्ये तडजोड झाली आणि मायक्रोसॉफ्टने नूकच्या व्यवसायात ३० कोटी डॉलर गुंतवण्याचे मान्य केले.

ज्या पेटंटांवर ही इमारत उभी होती त्यांपैकी काही तरी पाहावीत. आठ अक्षरांच्या जुन्या मर्यादेत बसणारे आखूड नाव आणि वापरणाऱ्याला सोयीचे लांब नाव ही दोन्ही एकाच फाइलीला जोडून ठेवण्याची रीत, हे एक. फोनवरून बैठकीचे निमंत्रण तयार करण्याची रीत, हे दुसरे. या दुसऱ्या पेटंटाच्या आधारे अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०१२ साली मोटोरोलाच्या काही फोनांना आयातबंदी केली! या पेटंटांत बुद्धिश्रम नव्हते असे मी म्हणत नाही. परंतु त्या श्रमांचे मोल मोजायचे तर माल डोळ्यांपुढे असला पाहिजे, आणि सॅमसंगने एका वर्षात १०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली हे २०१४ च्या न्यायालयीन दस्तऐवजांतून उघड झाले, तोवर त्या मोलाची कल्पनाही बाहेरच्यांना नव्हती.

मोठ्या कंपन्यांनी राजीखुशीने सह्या केल्या, असे यावर सांगितले जाते. पण खटल्याचा खर्च आणि आयातबंदीची टांगती तलवार ज्याच्यावर आहे त्याची राजीखुशी ती किती! पेटंटांची यादी अखेर बाहेर आली ती एप्रिल २०१४ मध्ये, तीही चीनच्या वाणिज्य मंत्रालयाकडून, मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन-व्यवसाय विकत घेण्याच्या व्यवहाराला मंजुरी देताना: पेटंटे आणि अर्ज मिळून ३१०. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये हीच मायक्रोसॉफ्ट आपली ६०,००० हून अधिक पेटंटे घेऊन अँड्रॉइडचा पाया असलेल्या लिनक्सच्या संरक्षणार्थ स्थापलेल्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये सामील झाली. त्याचे स्वागतच आहे; मात्र आधीच्या आठ वर्षांची वसुली त्याने वैध ठरत नाही.

आपल्या देशात २००४ च्या वटहुकुमाने संगणक-प्रणालींच्या पेटंटांना दार किलकिले केले होते, ते २००५ साली संसदेने पुन्हा लावून घेतले, हे उत्तम झाले. तरीही जिथे अशी पेटंटे मान्य आहेत तिथल्या कायद्याने इतके तरी सक्तीचे करावे की शुल्काच्या पहिल्याच नोटिशीत पेटंटाचा क्रमांक आणि भंगाचे स्वरूप लिहावे, आणि ते ज्यात लिहिलेले नाही ती नोटीस रद्दबातल समजावी.