गंजलेल्या गाडीचा ताळेबंद

व्यापारी घरात ‘स्वस्त’ हा शब्द कानी पडला की पाठोपाठ प्रश्न येतो, ‘का?’ विक्रेत्याची निकड, सरलेला हंगाम किंवा मालातील खोट, यांपैकी काहीतरी त्या शब्दामागे असतेच. अमेरिकेत साठ वर्षांपूर्वीच्या एका विशिष्ट जातीच्या मोटारी आजही कोठारांत आणि परसातल्या गवतात गंजत पडलेल्या आढळतात. त्या अल्प किमतीत घेऊन पुन्हा उभ्या करण्याचा छंद तेथे निष्ठेने जोपासला जातो. या मोटारींचे माहेर असलेल्या डेट्रॉइट शहराच्या फार्मिंग्टन हिल्स या उपनगरात जैन मंदिर आहे. तेव्हा तेथे वाढलेल्या आपल्याच एखाद्या घरातील तरुणाने असा सांगाडा दाराशी आणला, आणि वडिलांना त्यात केवळ भंगार दिसले, तर नवल वाटू नये. दोघांनीही रागावण्यापूर्वी हिशेबाची वही उघडावी, हे उत्तम.

‘मसल कार’ म्हणजे मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत बसवलेले प्रचंड शक्तीचे इंजिन. जनरल मोटर्सने आपल्या मध्यम गाड्यांच्या इंजिनावर ३३० घनइंचांची मर्यादा घातली होती. पाँटियाक विभागातील जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी १९६४ च्या टेंपेस्ट गाडीवर ‘जीटीओ’ या नावाने जादा पैसे देऊन घ्यावयाची सोय म्हणून देऊ केले. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता; पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात २,३६८ डॉलर मूळ किमतीची मस्टँग सादर केली. तरुण ग्राहक, स्वस्त पेट्रोल आणि सुलभ हप्ते या तिन्हींचा योग जुळून आला होता.

तो योग दहा वर्षेही टिकला नाही. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते चढवले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने इंजिनांना लगाम घातला आणि ऑक्टोबर १९७३ च्या अरब तेलबंदीने उरलासुरला उत्साह मावळला. पेट्रोल पिणारी ही गाडी जुन्या बाजारात कोणी विचारीना. म्हणून ती कोठारात गेली. तिचा स्वस्तपणा तेथे सुरू झाला. पण गंजाचे काम त्या दिवसापासून कधी थांबले नाही.

अशी गाडी घेताना पहिली तपासणी कागदाची. मालकीहक्काचे पत्र विक्रेत्याच्याच नावावर आहे का, त्यावर कर्जाचा किंवा थकलेल्या दुरुस्ती-बिलाचा बोजा आहे का, हे पाहिल्यावाचून एक डॉलरही देऊ नये. गाडी जी सांगितली जाते तीच आहे का, हाही प्रश्न असतो. १९६४ व १९६५ च्या जीटीओचा सांगाडा-क्रमांक पाहून ती जीटीओ असल्याचे कळत नाही, कारण तेव्हा ती स्वतंत्र गाडी म्हणून नव्हे, तर जादा सोय म्हणून विकली जात असे. तेथे कारखान्याचे मूळ कागदच साक्ष देतात. १९६६ ते १९७१ च्या अस्सल जीटीओचा क्रमांक मात्र २४२ ने सुरू होतो.

दुसरी तपासणी पत्र्याची. नवशिके इंजिन चालते का हे विचारतात. जाणकार गाडीखाली शिरतात. इंजिन बंद असले तरी ते बाहेर काढून दुरुस्त होते. कुजलेला सांगाडा गाडीचा पायाच खातो. मिशिगन, ओहायो यांसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तेथील गाड्या खालून पोखरल्या जातात. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, मात्र आसने आणि डॅशबोर्ड उन्हाने तडकतात. सुरुवातीच्या मस्टँगमध्ये समोरच्या काचेखालील हवेच्या पोकळीत पाणी साचून गंज धरतो आणि ते पाणी पायांखालच्या पत्र्यावर झिरपते. वरून चकचकीत रंग असला तरी साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवावे. ते जेथे चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते. तिसरी गोष्ट, सुटे करून खोक्यांत भरलेले वाहन सर्वांत स्वस्त मिळते आणि सर्वांत महाग पडते. काचा, पट्ट्या, मुठी अशा किरकोळ वस्तू शोधण्यात वर्षे जातात.

कामालाही क्रम आहे. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये. प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडून, काही दिवस मुरू देऊन ते हाताने हळूहळू फिरवावे लागते. टाकीतील जुने पेट्रोल डिंकासारखे झालेले असते. टाकी, नळ्या आणि कार्बुरेटर साफ केल्यावाचून नवे इंधन भरणे व्यर्थ. गाडी चालण्यापूर्वी ती थांबली पाहिजे, म्हणून ब्रेक आधी. १९६० च्या दशकातील बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकसाठी तेलाचा एकच मार्ग असे. तो एके ठिकाणी फुटला की सगळे ब्रेक जात. बहुतेक अमेरिकन कारखान्यांनी १९६७ पासून दोन स्वतंत्र मार्ग दिले. जुन्या गाडीत ही सुधारणा करून घेणे हा खर्च नव्हे, विमा आहे.

श्रावकाच्या घरात आणखी एक दक्षता लागते. पडून राहिलेल्या गाडीत आसनांच्या स्पंजमध्ये, एअर फिल्टरच्या डब्यात, वायरींच्या आडोशाला उंदरांची बिळे आणि गांधीलमाशांची पोळी असतात. पाण्याचा जोरदार फवारा मारण्यापूर्वी ती पाहून, जीवांना वाट देऊन, जयणेने काम सुरू करावे. आसनांचीही चिंता नको. या गाड्यांची मूळ आसने बहुतांशी व्हिनाइलची, म्हणजे कृत्रिम आवरणाची होती. मूळ रूप राखायचे म्हणून चामडे घ्यावे लागत नाही.

आता खतावणी. आकडे केवळ उदाहरणादाखल. समजा गाडी ९,००० डॉलरला मिळाली आणि घरी आणण्यास १,००० लागले. पत्रा व रंग १८,०००, इंजिन व गिअरबॉक्स ८,०००, ब्रेक, सस्पेन्शन व टायर ५,०००, आसने, काचा, वायरिंग व क्रोम ७,०००. बेरीज ४८,०००. तशीच तयार गाडी बाजारात ३५,००० ला मिळत असेल, तर १३,००० चा तोटा पहिल्याच पानावर आहे. अडकलेल्या भांडवलाचे व्याज आणि शनिवार-रविवार वेगळेच. हा हिशेब दोनच वाटांनी बदलतो. पत्रा शाबूत आणि इंजिन मृत अशी गाडी निवडावी, किंवा मजुरी स्वतःच्या हातांनी करावी. कर्ज काढून मात्र हा छंद करू नये. जी वस्तू दोन-तीन वर्षे दमडीही कमावत नाही, तिच्या तारणावर व्याज धावत राहते.

येथे कोणीतरी ‘बुलिट’ चित्रपटातील मस्टँगचा दाखला देईल. १९६८ च्या त्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली गाडी एका गृहस्थाने १९७४ मध्ये सुमारे ६,००० डॉलरला घेतली, घरच्या कामांसाठी वापरली आणि पुढे ती अनेक वर्षे बंद राहिली. खुद्द मॅक्वीनने ती परत मागितली, तरी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये लिलावात तिला कमिशनसह ३७.४ लाख डॉलर आले. आकडा डोळे दिपवतो. पण ४६ वर्षांचे चक्रवाढ काढले की वार्षिक सुमारे १५ टक्के भरतात, आणि तेही जगातील सर्वांत प्रसिद्ध मस्टँगचे, सांभाळण्याचा खर्च न धरता. शिवाय तिला नवी करण्याचा खटाटोप झाला नव्हता. तिच्या ओरखड्यांनाच मोल मिळाले. रांगेतील सामान्य गाडीने त्या भावाची आशा धरू नये.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह-परिमाण अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिविस्मय आणि अतिलोभ हेही आहेत. दुसऱ्याचा लाभ पाहून मनात उठणारी खळबळ म्हणजे अतिविस्मय. लिलावाच्या बातम्या नेमके तेच करतात. या व्रताचे व्यावहारिक सामर्थ्य असे की मर्यादा इच्छेच्या आधी ठरते. गाडी पाहण्यापूर्वी एकूण रक्कम, एकूण महिने आणि घरातील जागा कागदावर लिहावी, वडील व मुलगा दोघांनी सही करावी, आणि पहिल्या जादा खर्चाला तो कागद पुन्हा काढावा. मर्यादा ओलांडली जाणार असेल तर अर्धवट गाडी विकून मोकळे होण्यात कमीपणा नाही. बुडालेली रक्कम आणखी रक्कम घालण्याचे कारण ठरत नाही, हे पेढीवर शिकवावे लागत नाही. गॅरेजमध्ये मात्र विसरले जाते.

एवढे पाळल्यास या उद्योगातून मिळणारी गोष्ट ताळेबंदात दिसत नाही. मोजमाप, धीर आणि श्रम यांचा परिचय, आणि दोन पिढ्यांना एकाच दिव्याखाली बसवणारे काम. मात्र गाडी तयार झाल्यावर भाव वाढेल म्हणून ती कापडाखाली झाकून ठेवू नये. चालवावी, घरच्यांना बसवावे, किंवा हौशी माणसाला योग्य भावाने द्यावी. कुलुपात बंद केलेल्या गाडीवर गंज चढतोच. फरक एवढाच की या वेळी तिच्यावर आपली सर्व पुंजी लागलेली असते.