शुगर मोजतो, मग बीपी का नाही?

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात अधूनमधून एक आवाहन होतं. अमुक गल्लीतल्या चाचांचं डायलिसिस सुरू आहे, मदत करा. कथडा घ्या, चौक मंडई घ्या, वडाळा गाव किंवा मालेगावचा कुठलाही मोहल्ला घ्या, हे तुम्ही ऐकलं असेल. लोक देतातही, मनापासून. पण डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन खेपा आणि दर खेपेला साधारण चार तास यंत्राला जोडलेलं राहणं. सरकारी योजनेतून उपचार मोफत झाले तरी रिक्षाभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत थांबणाऱ्या मुलाचे खाडे कुठल्याच योजनेत बसत नाहीत.

माझा प्रश्न त्याआधीच्या दहा वर्षांबद्दल आहे. चाचांना शुगर आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांचं बीपी किती असायचं, हे कुणाला ठाऊक होतं?

आपल्याकडे शुगरची चर्चा शादीच्या दस्तरखानावरही होते. कुणाची फास्टिंग किती आली, कुणी चहा फिका केला, कुणाला कारल्याचा रस लागू पडला. बीपीला मात्र 'टेन्शन घेतलं की वाढतं' एवढ्यावर निकालात काढतात. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असा सरळ हिशेब. तो चुकीचा आहे, कारण बहुतेकांना वाढलेलं बीपी जाणवतच नाही.

एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. डोळ्याच्या पडद्यावरही अशाच नाजूक वाहिन्यांचं जाळं असतं. वर्षानुवर्षं वाढलेली साखर या वाहिन्यांच्या भिंती खराब करते. त्यात बीपी जास्त असेल तर त्याच कमजोर भिंतींवर दाब येतो, गंजलेल्या नळाला मोटारचा जोर लावावा तसा. मग लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपू लागतं, डोळ्याच्या पडद्यावर रक्त पाझरतं. दुखत काहीच नाही. नजर अंधुक होईपर्यंत किंवा पाय सुजेपर्यंत बराच काळ हातून गेलेला असतो.

हा नुसता अंदाज नाही. ब्रिटनमध्ये टाइप 2 मधुमेहाच्या 1,148 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना बीपीही होतं. एका गटाचं बीपी सरासरी 144/82 राखलं गेलं, दुसऱ्याचं 154/87. फरक फक्त दहा आणि पाच अंकांचा. तेवढ्यानं डोळे आणि मूत्रपिंडासारख्या ठिकाणच्या बारीक वाहिन्यांचे आजार 37 टक्क्यांनी आणि पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी झाले. आज मधुमेहींचं बीपी शक्यतो 130/80 च्या खाली ठेवायला सांगतात.

या अभ्यासाचा पुढचा भाग आपल्या लोकांनी जास्त ऐकायला हवा. प्रयोग संपल्यावर दोन वर्षांतच दोन्ही गटांचं बीपी सारखं झालं आणि मिळालेला फायदाही हळूहळू ओसरला. म्हणजे बीपीची गोळी चालू असेपर्यंतच पहारा देते. 'आता नॉर्मल आलंय' म्हणून ती बंद करणं म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवणं. गोळीची सवय लागते म्हणे. चष्म्याचीही लागते.

रमजानमध्ये तर कित्येक घरांत गोळ्या परस्पर बंद होतात. बीपीच्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्या इफ्तार किंवा सहरीला घेता येतात. मात्र लघवी वाढवणारी बीपीची गोळी, इन्सुलिन आणि शुगरच्या काही गोळ्यांची मात्रा बदलावी लागू शकते. ते आपण ठरवायचं नाही. रजब-शाबानमध्येच डॉक्टरांना भेटायचं.

देशाची आकडेवारीही बोलकी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के होतं आणि उच्च रक्तदाबाचं 35.5 टक्के. तरीही मोहल्ल्यातलं आरोग्य शिबिर म्हणजे बोटाला सुई टोचणं, एवढंच चित्र असतं. त्यातही शिबिर मशिदीत ठेवलं की तपासले जातात फक्त पुरुष. अम्मी, खाला, फूफी राहूनच जातात. आपल्या तरुण मंडळांना शिबिर घ्यायचंच असेल तर ते शाळेत किंवा एखाद्या घरात घ्या आणि बीपीचं यंत्र सोबत ठेवा. माणसाला पाच मिनिटं शांत बसवा, हाताला आधार द्या, दोनदा मोजा. जिना चढून आलेल्याचं बीपी लगेच मोजून त्याला घाबरवू नका.

उरलेलं काम महापालिकेचं आहे. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे आणि आता तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची मधुमेह व बीपी तपासणी त्यात अपेक्षित आहे. नगरसेवक मत मागायला आला की आपण गटार विचारतो, कब्रस्तानची भिंत विचारतो. तेही विचारायलाच हवं. पण आपल्या वस्तीच्या दवाखान्यात बीपीच्या गोळ्या बारा महिने मिळतात का? लघवीतलं अल्ब्युमिन तपासतात का? मधुमेहींच्या डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा कोण बघतं? हे प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.

त्याआधी घरातलं कपाट उघडा. अम्मीच्या रिपोर्टांची पिशवी काढा आणि लघवीतलं अल्ब्युमिन शेवटचं कधी तपासलं होतं ते शोधा. शुगरच्या चिठ्ठ्यांची चळत निघेल.