न दिसणारे आजारी मोजायचे कसे?

छोट्या दोस्तांनो,

वर्गात आज किती मुलं हजर आहेत, हे सांगणं सोपं. हजेरीपटावरून बोट फिरवलं की झालं! पण मी विचारलं, "आपल्या गावात गेल्या वर्षी किती मुलांना टायफॉइड झाला?" तर? तुम्ही म्हणाल, "बाई, दवाखान्यातली वही बघू या." शाब्बास! पण त्या वहीत सगळे आजारी सापडतील का?

आधी ओळख करून घेऊ. टायफॉइड म्हणजे विषमज्वर, आजीच्या भाषेत मुदतीचा ताप. त्याचा भाऊ पॅराटायफॉइड. दोघांचे जंतू साल्मोनेला या एकाच घराण्यातले. दोघांना मिळून आंत्रज्वर म्हणतात. आजारी माणसाच्या विष्ठेतून हे जंतू पाण्यात, अन्नात जातात आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात. दोन्ही ताप दिसायला इतके सारखे, की नुसतं तपासून डॉक्टरांनाही फरक सांगता येत नाही. त्यासाठी रक्त प्रयोगशाळेत ठेवून त्यात कोणते जंतू वाढतात, ते पाहावं लागतं. याला 'ब्लड कल्चर' म्हणतात. पण ही तपासणीसुद्धा शंभरातल्या साधारण साठच रुग्णांना पकडते. आधीच औषध घेतलं असेल, तर त्याहूनही कमी.

आता वही-पेन्सिल घ्या. एक काल्पनिक गाव धरू. तिथे १०० मुलांना आंत्रज्वर झाला. त्यातली ६० दवाखान्यात गेली. बाकीच्यांनी दुकानातून गोळ्या आणल्या किंवा अंगावर काढलं. त्या ६० पैकी निम्म्यांचं, म्हणजे ३० जणांचं रक्त तपासलं. तपासणीने त्यातली १८ पकडली. वहीत नोंद झाली १८! उरलेली ८२ मुलं गेली कुठे? ती तापाने फणफणली होती, पण कागदावर नव्हतीच.

शास्त्रज्ञ हेच गणित उलटं सोडवतात. १८ ला ६० ने भागून १०० ने गुणलं, की ३०. निम्म्यांचंच रक्त तपासलं होतं, म्हणून दुप्पट, ६०. शंभरातली साठच दवाखान्यात आली होती, म्हणून ६० भागिले ६० गुणिले १००. उत्तर १००. हरवलेली मुलं सापडली! याला 'अंदाज' म्हणतात. हवेतली गोष्ट नव्हे हं, पायरी पायरीने केलेला हिशेब.

पण किती जण दवाखान्यात जातात, हे कसं कळणार? त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं. आपल्या देशात २०१७ ते २०२० या काळात असं मोठं काम झालं. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि ग्रामीण पुणे इथल्या २४ हजारांवर मुलांची दर आठवड्याला विचारपूस केली. तीन दिवस ताप राहिला, की रक्ततपासणी. त्यात २९९ वेळा टायफॉइड सापडला आणि ३३ मुलांत पॅराटायफॉइड.

खरी गंमत पुढेच आहे. एक लाख मुलांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तर किती जणांना टायफॉइड होईल? शहरांतल्या केंद्रांवर हा आकडा आला ५७६ ते ११७३. ग्रामीण पुण्यात मात्र फक्त ३५! म्हणजे देश एकच, पण फरक तेहेतीस पटींपर्यंत. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे म्हणून कुणी डोहात उतरतं का? तसंच साऱ्या देशाचा एकच आकडा धरून चालत नाही. प्रत्येक भागाचा वेगळा हिशेब करावा लागतो.

"एवढा खटाटोप कशाला?" असं विचाराल. अहो, पाण्याची नवी वाहिनी आधी कुठे टाकायची, लस आधी कुणाला द्यायची, हे आकड्यांवरून ठरतं. जे वहीत दिसत नाहीत, त्यांच्यासाठी कुणी पैसे बाजूला काढत नाही. आपल्या नवी मुंबईत महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी लस टोचली. लस घेतलेल्या मुलांत टायफॉइड बराच कमी आढळला. पण ही लस पॅराटायफॉइडला अडवत नाही. म्हणून कोणता ताप किती, हे वेगवेगळं मोजायला हवं. आणि स्वच्छ पाणी, स्वच्छ हात मात्र दोन्ही भावांना अडवतात!

पालकांसाठी दोन शब्द: मुलाचा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर दुकानातून परस्पर प्रतिजैविकं आणू नका. डॉक्टरांकडे न्या आणि रक्ततपासणीबद्दल विचारा. त्यांनी दिलेला औषधाचा कोर्स पूर्ण करा, मधेच बरं वाटलं तरीही. यात तुमच्या मुलाचं भलं आहेच, शिवाय गावाचा हिशेबही खरा होतो.

आता या आठवड्याचं गणित. एका गावाच्या वहीत आंत्रज्वराची २७ मुलं आहेत. तपासणी शंभरातली साठ पकडते. दवाखान्यात आलेल्या आजारी मुलांपैकी एक तृतीयांश मुलांचंच रक्त तपासलं होतं. आणि आजारी मुलांपैकी निम्मीच दवाखान्यात आली होती. तर खरे आजारी किती? उत्तर तिनशेच्या आत आहे. घाई करू नका, एकेक पायरी मांडा. आणि हो, गणिताला बसण्याआधी हात साबणाने धुतलेत ना?

तुमच्या बाई